बिबट्याने ऊस का निवडला?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे बळी गेले. त्यांत एक पाच वर्षांची मुलगी होती, एक तेरा वर्षांचा मुलगा होता. गावकऱ्यांचा संयम सुटला. वनखात्याचे वाहन पेटवून देण्यात आले, पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. महिनाभरातच हा प्रश्न नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पोहोचला. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश परिधान करून विधान भवनात आले, तर वनमंत्री गणेश नाईक यांनी एक वेगळाच उपाय सांगितला. चार माणसे दगावली तर प्रत्येकी पंचवीस लाखांप्रमाणे एक कोटी रुपयांची भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा एक कोटी रुपयांच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, म्हणजे बिबटे वस्तीकडे फिरकणार नाहीत, अशी सूचना आपण अधिकाऱ्यांना केल्याचे त्यांनी सांगितले.

या सूचनेची थट्टा होणे स्वाभाविक होते. पण थट्टा करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मूळ गृहीतक वनमंत्र्यांपेक्षा फारसे वेगळे नाही. जंगले आटली, जंगलात खायला उरले नाही, म्हणून उपाशी बिबटे गावात येतात, ही समजूत मंत्रालयापासून पारावरच्या गप्पांपर्यंत सर्वत्र रुजलेली आहे. ‘बिबट्याचा मानवी वस्तीत शिरकाव’ या वर्षानुवर्षे छापल्या जाणाऱ्या मथळ्यातही तीच दडलेली असते. शिरकाव म्हटले की जनावराचे घर दुसरीकडे कुठे तरी आहे, हे आपोआप गृहीत धरले जाते. गंमत अशी, की त्याच निवेदनात वनमंत्र्यांनी बिबट्याचा स्वभाव बदलला असून त्याचा अधिवास आता उसाचे शेत झाला आहे, असेही सांगितले. ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. बिबट्या उसात राहत असेल, तर जंगलात सोडलेल्या शेळ्या नेमक्या कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा आधी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. वन्यप्राणी राहण्याची जागा आणि खाण्याचा पदार्थ निवडतो, तो कशाच्या आधारावर?

प्राणी ‘निवड’ करतो म्हणजे तो बसून विचार करतो, असे नव्हे. पण प्रत्येक हालचालीला ऊर्जा लागते, प्रत्येक शिकारीत इजा होण्याचा धोका असतो आणि जो प्राणी या खर्चाच्या मानाने अधिक कमावतो, त्याची पिल्ले अधिक जगतात. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एरिक पियान्का या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या जमाखर्चाला गणिताचे रूप दिले, आणि तेव्हापासून प्राण्यांच्या आहाराच्या अभ्यासाला वेगळेच वळण लागले. आवडते खाद्य भरपूर असेल तर प्राणी चोखंदळ होतो, दुर्मिळ असेल तर मिळेल ते खातो. एवढी साधी वाटणारी गोष्ट त्यातून काटेकोरपणे मांडता आली. आपल्याकडे रामन सुकुमार आणि माधव गाडगीळ यांनी दक्षिणेतील हत्तींबाबत १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष याच वाटेने जाणारे होते. शेतातील पिकांवर प्रौढ नर हत्ती जितका डल्ला मारतात, तितका माद्यांचे कळप मारीत नाहीत. शेतातील पिकात जंगली गवतापेक्षा पोषणमूल्य अधिक असते. पण तेथे फटाके, बंदुका, विजेच्या तारा असतात. पिल्लू बरोबर असलेली मादी तो धोका टाळते. नराला मात्र शरीर कमावल्याशिवाय प्रजननाच्या स्पर्धेत टिकता येत नाही. त्यामुळे त्याला तो धोका परवडतो. जंगलात चारा नाही म्हणून हत्ती भातात येतो, हे अर्धसत्य आहे. भात जंगलापेक्षा चांगला असतो म्हणूनही तो येतो. दोडामार्गच्या शेतकऱ्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. २००२ पासून कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींनी त्यांना ते केळी-नारळीच्या बागांत दाखविले आहे.

आहारापेक्षाही निवाऱ्याची निवड अधिक गुंतागुंतीची असते. जेथे अन्न आहे तेथे भीतीही असू शकते, आणि भीतीचा नकाशा दिवसागणिक, तासागणिक बदलत असतो. तीच जागा दुपारी धोक्याची असते आणि मध्यरात्री निर्धोक. शिवाय पाणी जवळ हवे, पिल्ले लपविण्याजोगी जागा हवी, जोडीदार सापडला पाहिजे आणि आपल्याहून बलवान प्रतिस्पर्धी त्या जागेवर नसला पाहिजे. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाने जून २०१९ ते मार्च २०२० या काळात विदर्भ, तेलंगणा आणि मराठवाडा पालथा घालीत सुमारे तीन हजार किलोमीटरची पायपीट केली. ‘वॉकर’ या नावाने पुढे गाजलेला हा वाघ अखेर बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तेथे त्याला भक्ष्य होते, पाणी होते, प्रतिस्पर्धी नव्हता. पण वाघीणही नव्हती. केवळ पोट भरणे हाच निकष असता, तर इतक्या लांबच्या भटकंतीचे काही कारणच नव्हते.

वाघ आणि बिबट्या यांच्यातील नाते हा याच हिशेबातील आणखी एक कप्पा. उत्तराखंडातील राजाजी उद्यानाच्या चिल्ला परिक्षेत्रातून गुज्जरांच्या वस्त्या हलविल्यानंतर तेथे वाघ पुन्हा वाढू लागले. त्याबरोबर बिबट्यांची घनता झपाट्याने खाली आली, आणि उरलेल्या बिबट्यांच्या खाण्यात पाळीव जनावरांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याचा अर्थ असा की, जंगल सुधारले, भक्ष्य वाढले, तरीही बिबट्या बाहेर सरकला. समृद्ध जंगल म्हणजे बिबट्याचे आवडते जंगल, हे समीकरण वाटते तितके सरळ नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे जुन्नर वनविभागाचे चार तालुके. येथे वाघ नाही. येथे आहे तो कुकडी प्रकल्प. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांवाटे खाली उतरले आणि जेथे एकेकाळी बाजरी-मटकीची कोरडवाहू शेती होती, तेथे बारमाही बागायत उभी राहिली. सहकारी साखर कारखान्यांनी तिला बाजारपेठ दिली. सह्याद्रीच्या पायथ्यापासून घोडनदीच्या काठापर्यंत उसाचे पट्टे पसरले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समृद्धी होती. बिबट्याच्या दृष्टीने पाहिले तर उघड्या माळरानावर अचानक दाट, सावलीदार, पाण्याने भिजलेले, माणसाच्या दुप्पट उंचीचे गवताचे रान उगवले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ऊस हे गवतच.

उसाची शेती जवळून पाहिली की या निवडीमागचा तर्क ध्यानात येतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिने उभा राहतो. पूर्वहंगामी आणि सुरू ऊस त्याहून कमी काळ, आणि तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून खोडवा पुन्हा फुटतो. सगळ्यांच्या लागणी वेगवेगळ्या वेळी, त्यामुळे वर्षातील कोणत्याही दिवशी आसपास कुठे ना कुठे वाढलेला ऊस असतोच. बांधणी झाल्यानंतर तोडणीपर्यंत माणूस फडाच्या आतल्या भागात क्वचितच शिरतो. पाणी बाहेरून सोडले जाते. आत पाचटाचा जाड थर असतो, भर उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि वर पानांचे असे छत की दहा फुटांवरचे दिसत नाही. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा. तिला पिल्ले मोठी होईपर्यंत काही आठवडे निवांत, कोरडी, लपण्याजोगी जागा हवी असते. सह्याद्रीतील कपारी आणि घळी याच कामी येत. उसाने त्या सपाटीवर, पाण्याशेजारी आणून ठेवल्या.

राहता राहिला प्रश्न अन्नाचा. उसात रानडुकरे, मोर, ससे, उंदीर, घुशी असतात; पण बिबट्याची खरी रसद फडाच्या बाहेर, वस्तीच्या कडेला असते. जगभरातील अभ्यासांवरून बिबट्या साधारण दहा ते चाळीस किलो वजनाचे भक्ष्य पसंत करतो, असे दिसते. चितळाचे पाडस, भेकर, लहान डुक्कर ही त्या वजनाची जनावरे. गावातील कुत्रा आणि शेळी हीदेखील त्याच वजनाची. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण करून २०१४ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या आहारापैकी सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव वा वस्तीलगतच्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, मांजरांचा १५ टक्के. शेळ्यांचा मात्र केवळ ११ टक्के, आणि तोही त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कित्येक पट असताना. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, दिवसा तिच्याबरोबर गुराखी असतो. कुत्रा मोकाट, एकटा, उकिरड्यावर वाढलेला आणि त्याच्यासाठी कोणी भरपाईचा अर्ज करीत नाही. जमाखर्चाचा नियम येथे इतका स्वच्छ दिसतो की त्याला वेगळ्या भाष्याची जरूर पडत नाही. बिबट्याने शेळी सोडून कुत्रा निवडला, तो चवीसाठी नव्हे.

त्याच अकोल्यात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्र-सापळ्यांच्या अभ्यासाने आणखी एक धक्का दिला होता. एका चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या, नाव घेण्याजोगे जंगल नसलेल्या त्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस आढळले. ही घनता अनेक संरक्षित जंगलांच्या तोडीची आहे. आणि इतके बिबटे असूनही अभ्यासाच्या काळात तेथे माणसे मारली गेल्याची नोंद नव्हती. म्हणजे बिबट्या शेजारी राहतो, याचा अर्थ तो माणसावर हल्ला करणारच, असा होत नाही. काही बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले, तेव्हा या शेजाराची पद्धतही उलगडली. दिवसा ते घरांपासून दूर, पिकांत पडून राहत. रात्री माणसांची वर्दळ थांबली की घरांच्या अगदी जवळ, काही मीटर अंतरापर्यंत येऊन जात. पिल्ले असलेल्या माद्यांचा संचार तर सुमारे आठ ते पंधरा चौरस किलोमीटरच्या छोट्याशा टापूत सामावलेला होता. एवढ्याशा जागेत एखादी मादी पिल्ले वाढवू शकते, याचाच अर्थ तेथे तिला अन्नाची ददात नाही. उपासमारीने व्याकूळ झालेले जनावर असे वागत नाही, ते भटकते.

येथे एक मुद्दा असा आहे की जो धोरणकर्त्यांच्या हिशेबात सहसा येत नाही. अनेक प्राण्यांमध्ये असे दिसून आले आहे की, मोठे झाल्यावर स्वतःचे घर शोधताना ते जन्मठिकाणासारखीच जागा पसंत करतात. ज्या वातावरणात आपण जगलो-वाचलो, ते जगण्यास योग्य, असा तो ठसा असतो. उसात जन्मलेल्या, आईबरोबर रात्री वाड्या-वस्त्यांच्या कडेने फिरून कुत्र्याची शिकार शिकलेल्या बिबट्याला भीमाशंकरचे जंगल हे ‘मूळ घर’ वाटण्याचे काहीच कारण नाही. त्याच्या आईनेही ते पाहिलेले नसते. जुन्नरमध्ये अशा बिबट्यांच्या आता अनेक पिढ्या झाल्या आहेत.

हे ध्यानात न घेतल्याची किंमत याच तालुक्यांनी एकदा मोजलेली आहे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर परिसरात पिंजरे लावून बिबटे मोठ्या संख्येने पकडण्यात आले आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. हेतू चांगला होता, तर्क सरळ होता. वन्यप्राणी वनात नेऊन सोडायचा. त्याआधीच्या वर्षांत त्या भागात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला चार होती. २००१ ते २००३ या काळात ती सतरावर गेली आणि हल्ले अधिक जीवघेणेही झाले. अत्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही आकडेवारी मांडली, तेव्हा त्यामागची कारणमीमांसाही दिली. अनोळखी जागी सोडलेल्या बिबट्याला तेथील वाटा, पाणवठे, भक्ष्य यांची माहिती नसते; ती जागा बहुधा दुसऱ्या बिबट्याच्या ताब्यात असते; पिंजऱ्यातील दिवस, माणसांचा गराडा यांचा ताण वेगळाच. असा बिबट्या परतीच्या वाटेला लागतो, आणि वाटेत गावे असतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. तेथे नवा, तरुण, त्या वस्तीच्या सवयींशी अपरिचित बिबट्या येतो.

परतीच्या या ओढीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘आजोबा’. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला हा प्रौढ नर २००९ मध्ये बाहेर काढून, पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. त्याने महामार्ग, रेल्वेमार्ग, कारखान्यांचे पट्टे ओलांडीत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापले आणि तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात जाऊन स्थिरावला. वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. तो जणू ठरवून तिकडे निघाला होता, म्हणजे ते त्याचे जुने घर असावे, असा अंदाज बांधला गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. पण तोवर आजोबा हयात नव्हता. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला होता.

मुंबईकरांनाही हा अनुभव नवा नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांचा कहर झाला, तो २००४ मध्ये. बाहेर पकडलेले बिबटे आणून तेथे सोडण्याची पद्धत त्याआधी सुरू होती. पुढे ती थांबली, बिबटे पकडण्यावर नियंत्रण आले, २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्रितपणे वस्त्यांमध्ये प्रबोधन सुरू केले आणि हल्ले लक्षणीय घटले. बिबटे मात्र घटले नाहीत. निकित सुर्वे यांच्या २०१५ मधील गणनेत उद्यान व परिसरात ३५ बिबटे आढळले होते; २०१८ मध्ये ही संख्या ४७ पर्यंत गेली. आरे, ठाणे, मुलुंडच्या कडेला साठणारा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री आणि कुत्र्यांवर पोसलेले बिबटे ही साखळी तेथे अखंड चालू आहे. उद्यानात चितळ-सांबर असूनही ती तुटलेली नाही, हे शेळ्यांच्या प्रस्तावाचा विचार करताना विसरता येणार नाही.

या प्रस्तावाचे साधे गणितही करून पाहण्याजोगे आहे. शेळीची किंमत दहा हजार रुपये धरली तर एक कोटीत हजार शेळ्या येतात. एका बिबट्याला आठवड्याला एक शेळी लागते असे मानले, तर वर्षाला बावन्न. म्हणजे सर्व शेळ्या बिबट्यांच्याच तोंडी लागल्या, एकही रोगाने वा अन्य कारणाने मेली नाही आणि एकही कोणी गुपचूप घरी नेली नाही, तरी वीसेक बिबट्यांची वर्षभराची सोय होते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज होता. ती गणना मुख्यतः वाघांच्या अधिवासातील जंगलांची. उसातील बिबट्यांचा तिच्यात पुरता हिशेब नाही. आणि जंगलातील वीस बिबट्यांचे पोट असे सहजी भरले, तर त्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतील. वयात आलेल्या प्रत्येक पिल्लाला स्वतःचा टापू शोधावा लागतो. जंगल भरलेले असेल तर ते कडेला, म्हणजे पुन्हा शेतांकडेच सरकेल. त्यातून पाळीव शेळ्यांचे रोग जंगलातील खुरधारी प्राण्यांत पसरण्याचा धोका वेगळा. वस्तीत वाढलेली शेळी जंगलात रमत नाही, ती माणसाच्या आवाजाकडे येते, ही गोष्ट तर कोणताही धनगर सांगेल.

नसबंदीचा उपाय त्यामानाने अधिक विचारी. प्रायोगिक तत्त्वावर जुन्नरमधील मोजक्या बिबट्यांच्या नसबंदीला केंद्राची परवानगी मिळाली आहे. मात्र नसबंदी झालेला बिबट्या आपला टापू राखून राहिला तरच तिचा उपयोग, आणि तिचे फळ दिसण्यास वर्षे लागणार. माणिकडोहचे निवारा केंद्र आधीच भरलेले असते. पकडलेले बिबटे जामनगरच्या ‘वनतारा’कडे पाठविण्याची भाषा त्यातूनच येते. माणसांवर वारंवार हल्ले करणारे एखादे विशिष्ट जनावर हुडकून हटविणे अपरिहार्य असते, त्याबद्दल अभ्यासकांतही दुमत नाही. दिसेल तो बिबट्या पकडा, ही मागणी वेगळी. पोरगे गमावलेल्या घराकडून ती येते तेव्हा तिला उत्तर देणे कठीण असते, हेही खरे. पण शासनाचे काम दुःखाला धोरणाचा दर्जा देणे हे नव्हे.

बिबट्याची निवड बदलायची तर त्याच्या जमाखर्चातील रकमा बदलाव्या लागतात, आणि त्या बहुतांशी वनखात्याच्या अखत्यारीबाहेरच्या आहेत. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे. कुक्कुटपालनातील मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकण्याची सवय मोडणे त्यांच्याकडेच. शेळ्यांना पक्क्या जाळीचे, वरून बंद असलेले गोठे द्यायचे तर पशुसंवर्धन खाते हवे. पण सर्वांत दुर्लक्षित बाब आहे ती विजेची. शेतीपंपांना वीज रात्री मिळते म्हणून शेतकरी रात्री बारा-एक वाजता बॅटरी घेऊन उसाच्या कडेने बारे द्यायला जातो. नेमक्या याच तासांत बिबट्या निर्धास्तपणे बाहेर पडलेला असतो. दारे धरण्यासाठी वाकलेला वा बांधावर उकिडवा बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही. उंचीने तो एखाद्या चौपायासारखा दिसतो. लहान मुलांवर अधिक हल्ले होतात, त्याचेही कारण हेच. दिवसा वीज द्या, ही जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्यांची मागणी कित्येक वर्षांची. तिच्याकडे वीजबिलांच्या राजकारणातून पाहिले जाते. ती जीव वाचविण्याची मागणी आहे, असे मानून बिबट्याप्रवण गावांना अग्रक्रम दिला, तर एक कोटीच्या शेळ्यांपेक्षा तिचा उपयोग निश्चितच अधिक.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न याहून निकडीचा. नोव्हेंबरपासून मराठवाड्यातून आलेली हजारो कुटुंबे फडाच्या कडेला पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्या घालून राहतात. त्यांना दार नसते, वीज नसते, शौचाला जायला उसाची कडच असते. आई-बाप पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात आणि लहान मुले कोपीत वा बांधावर झोपलेली असतात. बिबट्याच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत अस्थिर काळही हाच. त्याचे घर दिवसाला एकरा-दोन एकराने कमी होत असते. दोन्ही बाजूंची पिल्ले उघड्यावर आणणारा हा हंगाम साखर कारखान्यांच्या वेळापत्रकाने ठरतो. पण बंदिस्त निवारा, दिवे आणि पाळणाघर ही या वेळापत्रकाची अट व्हावी, असा आग्रह कोणी धरल्याचे दिसत नाही.

तोडणी सुरू झाली की दर वर्षी फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या येतात. काही आठवड्यांची, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. पूर्वी ती उचलून नेली जात आणि चवताळलेली मादी परिसरात फिरत राही. आता वनकर्मचारी आणि माणिकडोह केंद्रातील पशुवैद्यक पिल्लांची तपासणी करून त्यांना सायंकाळी त्याच जागी एका खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर जाऊन थांबतात. बहुतेक वेळा रात्री मादी येते. ज्या फडात तिने पिल्ले घातली होती, तेथे आता नुसते बुडखे उरलेले असतात. ती खोके हुंगते, कलंडवते, एकेका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि शेजारच्या, अजून न तुटलेल्या उसात घेऊन जाते.